साडेबारा लिटरच्या पेटीत पाण्याची वाट

पडद्यावर दिसणारी ही संगणकाची ॲल्युमिनियमची पेटी २४० मिलिमीटर उंच, १६० मिलिमीटर रुंद आणि ३२८ मिलिमीटर खोल आहे. एनकेस एम१ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कॅबिनेटचे आकारमान सुमारे साडेबारा लिटर भरते. त्यात मिनी-आयटीएक्स या छोट्या प्रकारचा १७० मिलिमीटर चौरस मदरबोर्ड, १०५ वॉटचा रायझन ७ ५८००एक्स३डी प्रोसेसर, ३२० वॉटचे आरटीएक्स ३०८० ग्राफिक्स कार्ड आणि या सर्वांना थंड ठेवणारी पाण्याची संपूर्ण व्यवस्था आम्हाला बसवायची आहे.

प्रोसेसरवर उभा राहणारा मोठा पंखा या पेटीत मावत नाही. पाण्याला मात्र तेवढी उंची लागत नाही. तापणाऱ्या भागावर चपखल बसणाऱ्या तांब्याच्या ठोकळ्यात, म्हणजे वॉटर ब्लॉकमध्ये, केसासारख्या बारीक पात्यांमधून वाहताना ते उष्णता उचलते आणि जिथे हवा मिळते तिथे, म्हणजे पंख्यांच्या हवेने पाणी थंड करणाऱ्या रेडिएटरपाशी, नेऊन सोडते. पुण्यातील आयसर संस्थेतला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणकही याच तत्त्वाने, द्रवाच्या साहाय्याने, थंड ठेवला जातो. मिनिटाला २ लिटर पाणी फिरत असेल, तर ४२५ वॉट उष्णता घेऊनही त्याचे तापमान एका फेरीत सुमारे ३ अंशांनीच वाढते. म्हणूनच पाणी आधी प्रोसेसरकडे न्यावे की कार्डकडे, या प्रश्नाची चिंता आम्ही केली नाही. ज्या क्रमाने नळ्या आखूड राहतील, तोच क्रम धरला.

खरी अडचण रेडिएटरची आहे. त्याच्या नावातला ‘२४०’ हा आकडा १२० मिलिमीटरच्या दोन पंख्यांच्या जागेचा असतो. दोन्ही टोकांच्या टाक्या धरल्या की लांबी २७० मिलिमीटरच्या पुढे जाते. ३० मिलिमीटर जाडीचा रेडिएटर आणि २५ मिलिमीटरचे पंखे मिळून १६० मिलिमीटर रुंदीतले ५५ मिलिमीटर खातात. एका १२० मिलिमीटर पंख्याच्या जागेमागे साधारण १०० वॉट, असा या छंदातला ढोबळ हिशेब आहे; त्या हिशेबाने आमचा भार दुपटीहून अधिक होतो. त्यातच पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी खोलीच ३४ अंशांवर असेल, तर पाणी त्याखाली कधीच उतरणार नाही. पंखे कर्कश फिरवण्यापेक्षा कार्डाची मर्यादा २५० वॉटवर आणणे आम्हाला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण त्याने कार्डाचा वेग फारसा घटत नाही.

रेडिएटर तांब्या-पितळेचाच घेतला. ॲल्युमिनियम आणि तांबे एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम झिजू लागते आणि तो गाळ ब्लॉकच्या पात्यांत अडकतो. चकचकीत कडक नळ्यांचा मोह आवरून ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या काळ्या, लवचिक नळ्या निवडल्या. अडचणीच्या वळणावर त्या सहज वळतात आणि एखादा भाग काढायचा झाला तर बाजूला सारता येतात.

छोट्या पेटीत जो भाग आधी बसतो, त्याच्यापर्यंत हात सर्वांत शेवटी पोहोचतो. हे आम्हाला गळतीच्या चाचणीत नीट उमगले. प्रत्येक सांध्याखाली पांढऱ्या टिश्यूची घडी ठेवून, वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसच्या २४ पिनी जोडणीतील हिरवी आणि काळी तार तारेच्या तुकड्याने जोडून, आम्ही फक्त पंप चालू केला. मदरबोर्ड आणि कार्ड यांना वीज दिली नव्हती. डिस्टिल्ड वॉटरमधून वीज वाहत नाही, या भरवशावर राहणे धोक्याचे आहे, कारण धातूंच्या सहवासात त्यात क्षार उतरतात आणि ते विजेला वाट देऊ लागते. चाळीस मिनिटांनी पंपाखालच्या टिश्यूवर मोहरीएवढा ओला ठिपका दिसला. तिथवर पोहोचण्यासाठी पाणी काढून रेडिएटर, पंखे आणि दोन नळ्या पुन्हा सोडवाव्या लागल्या. नळी जोडणारे फिटिंग उघडले, तेव्हा गळती रोखणारी काळी रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, खाचेबाहेर येऊन एका बाजूला चिमटलेली होती. घाईने आवळताना ती सरकली होती. नवी रिंग ओल्या बोटाने खाचेत बसवली, फिटिंग हातानेच आवळले आणि चाचणी रात्रभर पुन्हा चालवली. सकाळी सगळ्या घड्या कोरड्या होत्या.

त्यानंतर राहिली ती हवा. अर्ध्या लिटरच्या आसपास भरलेल्या या पाण्यात अडकलेले बुडबुडे पंपातून जाताना खळखळतात, म्हणून पेटी डावीकडे, उजवीकडे, मग मागे कलवावी लागते. दर वेळी पाणी साठवणाऱ्या टाकीतली पातळी बोटभर खाली जाते आणि तेवढे पाणी पुन्हा घालावे लागते. पंख्यांचा वेग आम्ही प्रोसेसरच्या तापमानाशी न जोडता पाण्यातल्या सेन्सरशी जोडला आहे. प्रोसेसरचे तापमान क्षणात उसळते, पाणी मात्र सावकाश तापते, त्यामुळे पंख्यांचा आवाज उगाच चढत-उतरत नाही. तिसऱ्या संध्याकाळी खळखळ थांबली, टाकीतले पाणी स्थिर झाले आणि पेटीचे बाजूचे झाकण जागेवर बसले.