पानी आठेच साचस

मे महिना, दुपारचे दोन. धुळे जिल्ह्यात पांझरेकाठचं एक गाव. शाळेला सुट्टी, तरी निंबाखाली पोरांच्या गोट्या रंगल्यात. पत्र्याच्या वर्गात मात्र कुणी पाऊल टाकत नाही.

या शाळेला चार वर्ग वाढवायचेत. पहिल्या नकाशात ते बरोबर या निंबाच्या जागी होते, आणि उरलेल्या अंगणात पेव्हर ब्लॉक. दिसायला चकाचक. भर उन्हात त्यावर अनवाणी उभं राहून बघा म्हणजे झालं!

मग जागा नव्याने बघितली. एका आजोबांनी काठीने मैदानाचा खालचा कोपरा दाखवला. “पानी आठेच साचस, भाऊ.” गवंड्याने नळीत पाणी भरून उतार मोजला. आजोबा बरोबर निघाले.

यात नवल कसलं? याच खोऱ्यात फड पद्धतीने बंधाऱ्याचं पाणी पाटांतून, नुसत्या उताराच्या जोरावर, शेकडो वर्षं शेतात पोचलंय.

खरा घोर इथल्या काळ्या मातीचा. पावसात ती फुगते, उन्हात आकसते, आणि वरची भिंत तडकते. जुन्या वर्गाच्या खिडकीखालून गेलेली ही तिरकी भेग बघा, बोट जाईल एवढी. भिंतीच्या बुडाशी वर्षानुवर्षं पागोळ्यांचं पाणी पडत होतं. म्हणून नवे वर्ग आता चढाच्या बाजूला. पन्हाळीचं पाणी पाइपाने थेट खालच्या कोपऱ्यात, शोषखड्ड्यात. तीनशे चौरस मीटर छपरावर नुसता 500 मिलिमीटर पाऊस धरला, तरी दीड लाख लिटर होतात. थोडं वाया जाईल, जाऊ दे.

आता ऊन. मेच्या अखेरीला इथे दुपारी सूर्य ऐन डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला बेताचा छज्जा पुरतो. छळतं ते पश्चिमेचं, तिरकं आत घुसणारं. म्हणून इमारत पूर्व-पश्चिम लांब, खिडक्या उत्तरेला आणि दक्षिणेला, पश्चिमेच्या टोकाला सामानाची खोली. जुन्या पत्र्यांवर पांढरा रंग.

आज आखणी आहे. चुन्याची फक्की निंबाच्या शेवटच्या फांदीच्याही बाहेरून निघालीय. ट्रॅक्टरला वळसा पडतो म्हणून ठेकेदार कुरकुरतोय. सावलीत उभा राहून.