डनस्पार्सची बाजू

बसा बसा, मागे खुर्च्या आहेत. तर बोर्डावर विषय लिहिलाय "डुडनस्पार्स बरोबर का आहे", म्हणजे पोकेमॉन गेममधल्या डनस्पार्सचं उत्क्रांत झालेलं रूप, त्यावर येतोच मी, पण आधी मूळ प्राणी नीट बघून घेऊ, कारण इथल्या निम्म्या लोकांनी डनस्पार्स पकडून बॉक्समध्ये टाकला आणि विसरले, हसू नका, तुम्हालाच म्हणतोय.

जाडजूड साप, पाठीवर पाखराचे वाटतील असे चिमुकले पंख आणि शेपटीचं ड्रिल. तुम्ही दिसलात की हा वळून पळत नाही, शेपटीने जमीन पोखरत उलटा मागे मागे आत घुसतो. आणि पंखांचं म्हणाल तर जेमतेम तरंगण्यापुरते. एवढं सगळं अंगावर असून टाइप, म्हणजे गेममधला गट, काय दिला? नॉर्मल. ग्राउंड नाही, फ्लाइंगही नाही!

मूळ हा जपानचा त्सुचिनोको, मधेच फुगलेला आखूड साप, जो कुणालाच सापडत नाही. गिफूमधल्या हिगाशीशिराकावा गावात दर मे महिन्यात लोक त्याला शोधायला बाहेर पडतात, रीतसर बक्षीस असतं, आणि इतोइगावात तर १० कोटी येन लावलेत. आपल्याकडे मांडुळापायी लोक जेलात जातात, पण मांडूळ निदान खरं तरी असतं ना, तिकडे नसलेल्या सापाची जत्रा भरते.

असो. आता माझं जुनं दुखणं. पोकेमॉनचे गोल्ड-सिल्व्हर गेम, १९९९, त्यातला रूट ३३ वरचा हायकर अँथनी. ज्यांनी गेममध्ये त्याचा फोन नंबर घेतलाय त्यांना कळलंच असेल. ह्या माणसाला एकदा हरवलं की तो तुमचा जन्माचा मित्र, तुम्ही लांब कुठेतरी जिमच्या, म्हणजे मोठ्या लढतीच्या, दारात उभे, पोशन (औषधं) संपलेली, आणि फोन वाजतो. बरं, दर वेळी कामाचं बोलेल तर शपथ! कधी स्वतःच्या लढाईची बढाई, कधी "ये पुन्हा लढू". आणि मग मधेच एकदा सांगणार की डार्क केव्ह गुहेत डनस्पार्सची झुंड आलीये. एरवी तिथे तासन् तास फिरलं तरी झूबॅट आणि जिओड्यूड हे नेहमीचेच पोकेमॉन, त्यामुळे सगळं टाकून उलटं पळायचं. आणि एवढं करून हाती आलेला हा प्राणी तेव्हा पुढे कशातच बदलत नव्हता! लेव्हल १०० ला नेला तरी तोच. तेव्हापासून लोक वाट बघत बसले त्याचा ड्रॅगन होईल म्हणून, काय काय चित्रं काढली लोकांनी, शिंगं काय, मोठाले पंख काय, आणि

काय? पाचच मिनिटं? अहो, पण मुद्दा राहिलाय. बरं, पटापट.

२०२२, स्कार्लेट-व्हायोलेट गेम, २३ वर्षांनी उत्क्रांती आली, म्हणजे हा डुडनस्पार्स, आणि आलं काय तर तोच साप, एक तुकडा जास्त. दीड मीटरचा ३.६ मीटर झाला, बस्. लोक चिडले. माझं म्हणणं, हेच बरोबर. कारण बघा, हा बदलतो कधी? हायपर ड्रिल ही चाल आल्यावर, ३२ व्या लेव्हलला. म्हणजे पोखरणं शिकला की वाढतो, आणि वाढतो तो बिळासाठीच, पोकेडेक्समध्ये, म्हणजे गेममधल्या माहितीवहीत, त्याचं बीळ दहा किलोमीटरच्या आसपासचं आहे. तिथे ड्रॅगनचे पंख घेऊन करणार काय, भिंतीला घासणार? अंधारात न हलता पडून राहणाऱ्याला मिरवायचं कुणापुढे?

दुसरं, शंभरात एकाला तीन तुकडे होतात. कुणाला, ते त्या जिवाचं आधीच ठरलेलं असतं, बाहेरून काही कळत नाही. म्हणजे त्सुचिनोकोसारखंच, शोधत बसा.

आणि कमजोर म्हणू नका हो. बेस स्टॅट, म्हणजे मूळ ताकदीच्या आकड्यांची बेरीज, ४१५ चे ५२० झालेत. पण मला जुना डनस्पार्ससुद्धा चालतो, ग्लेअर चालीने समोरच्याला पॅरालिसिस द्या, तो मंदावला, कधीकधी अडकलाही, की सिरीन ग्रेस क्षमतेवाला हेडबट मारा, फ्लिंचचा (दचकून चाल हुकण्याचा) चान्स ३० चा ६० टक्के होतो, दोन्ही धरून समोरच्याची चाल शंभरात तीसदाच लागते. मैत्री तुटते पण मॅच जिंकता.

टाइपचं राहिलंच. चला, प्रश्न घेतो, फक्त "तुम्हाला तीन तुकड्यांचा मिळाला का" हा सोडून.