जलूद ते जर्मनी

नमस्कार श्रोतेहो.

आज तुमच्याकडे नळाचा दिवस असेल तर टाक्या भरून झाल्या असतील. एक दिवसाआड येणारं हे नर्मदेचं पाणी सत्तरेक किलोमीटरवरच्या जलूदहून पंपांनी घाट चढवून इंदूरला येतं. पण जलूद म्हणजे नुसतं पंपिंग स्टेशन नव्हे. नर्मदेवरच्या महेश्वर धरणाच्या बुडितात येणाऱ्या 61 गावांपैकी ते एक.

धरण खासगी, वीज 400 मेगावॅट. पैसा आणि यंत्रं बरीचशी परदेशातून यायची होती. 11 जानेवारी 1998 ला निमाडचे हजारो शेतकरी आणि नदीवर जगणारे केवट, कहार धरणाच्या विरोधात त्याच्या जागेवर जाऊन बसले. बायाही मोठ्या संख्येनं होत्या. पुढे काम थांबलं, पुन्हा सुरू झालं, अटका झाल्या.

खरी नाडी मात्र जर्मनीत होती. यंत्रं विकणाऱ्या तिथल्या कंपनीला सरकारची निर्यात-हमी हवी होती. इकडचे पैसे बुडाले तर भरपाई तिथल्या तिजोरीतून, म्हणजे जर्मन करदात्याच्या खिशातून. 'उर्गेवाल्ड' ही तिथली छोटी संस्था नेमकं हेच धरून बसली. 1999 मध्ये दोन जर्मन वीज कंपन्या प्रकल्पातून बाहेर पडल्या. 2000 मध्ये जर्मन सरकारच्या वतीनं झालेल्या पाहणीत पुनर्वसन निकषांत बसत नसल्याचं निघालं, आणि हमीचा अर्जच मागे घेतला गेला. त्याच वर्षी प्रकल्पात उतरलेली एक अमेरिकी कंपनीही गेली.

'बाहेरच्यांनी चालवलेलं आंदोलन' हा आरोप तेव्हा खूप झाला. मला तो कधीच पटला नाही. जर्मन हमी परकी वाटली नाही, मग तिच्याबद्दल जर्मनीत जाब विचारणारे परके कसे? आणि गावकरी धरणावर बसले नसते, तर तिकडे कोण काय विचारणार होतं?

सगळीकडे असं झालं नाही. नर्मदेवरच्याच सरदार सरोवर धरणातून जागतिक बँक 1993 मध्ये बाहेर पडली. देशातलाच पैसा उभा राहिला, धरण पूर्ण झालं, आणि 2019 मध्ये आपल्या शेजारच्या धार जिल्ह्यातली निसरपूर, चिखल्दा ही गावं पाण्यात गेली. तिथे दूरच्या मित्रांच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं. गरज जवळच्यांची होती, आणि सगळ्यात जवळचं मोठं शहर आपलं.

महेश्वरच्या वीजखरेदीचा करार राज्य सरकारनं 2020 मध्ये रद्द केला. भिंत उभी आहे. साड्या घ्यायला महेश्वरला जाल, तेव्हा मंडलेश्वरच्या पुढे जलूदलाही जा. आपलं पाणी कुठून उचलतात ते मुलांना दाखवा. आणि गावात जरा बसून विचारा, त्या जानेवारीत इथून कोण कोण गेलं होतं.