तारेचं टोक मऊ का असतं

नमस्कार श्रोतेहो.

अँजिओप्लास्टी करून, म्हणजे हृदयाची अरुंद झालेली धमनी आतून उघडून, माणूस घरी आला की भेटायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "स्टेंट कुठला टाकला?" एक की दोन, देशी की परदेशी, केवढ्याला पडला. आपल्या नाशकात सिडकोत असो की गंगापूर रोडला, हा प्रश्न चुकत नाही. पण बिलाच्या त्याच कागदावर आणखी काही ओळी असतात: गाइड वायर म्हणजे वाट दाखवणारी तार, गायडिंग कॅथेटर म्हणजे नळी, आणि शीथ म्हणजे टोचलेल्या जागी बसवायची आखूड नळी. त्यांची चौकशी कोणी करत नाही. साहजिक आहे, स्टेंट म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळी, ती शरीरात राहते आणि तार-नळी काम झालं की बाहेर येतात. तरी एक लक्षात घ्या, स्टेंट स्वतःहून कुठेही जात नाही. आधी तार अडथळ्याच्या पलीकडे पोचावी लागते. ती पोचली नाही, तर धमनी रुंद करणारा फुगा नाही आणि स्टेंटही नाही. आज मला त्या तारेबद्दल आणि तिला वाट देणाऱ्या नळीबद्दल बोलायचं आहे.

मी डॉक्टर नाही. माझी नोकरी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, ग्राइंडिंग मशीनपाशी झाली. त्यामुळे या वस्तूंकडे मी बनवणाऱ्याच्या नजरेने पाहतो, आणि त्या नजरेला त्या फार मोठ्या वाटतात.

आधी थोडा इतिहास. १९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्ड गावी वेर्नर फोर्समान नावाच्या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून मूत्रमार्गात वापरायची नळी सुमारे ६५ सेंटिमीटर आत सरकवली आणि तशीच घेऊन तो एक्स-रे काढायला चालत गेला. नळीचं टोक हृदयात पोचलं होतं. त्या वेळी त्याच्या वाट्याला टीका आली, पण १९५६ साली नोबेल पारितोषिकात त्याचा वाटा होता. नळी हृदयापर्यंत नेता येते आणि माणूस जगतो, हे त्याने दाखवलं. पण धमनीत नळी घालायची तर धमनी कापून उघडी करावी लागे, नाहीतर नळी सामावेल एवढी जाड सुई खुपसावी लागे. हा प्रश्न १९५३ मध्ये स्वीडनच्या स्वेन-इवार सेल्डिंगर यांनी सोडवला. आधी बारीक सुई टोचायची. सुईतून तार आत सोडायची. मग सुई काढून घ्यायची, तार तिथेच ठेवायची. आता त्या तारेवर नळी ओवायची आणि आत सरकवायची. शेवटी तार काढून घ्यायची. बस, एवढंच. आजही नाशिकच्या कुठल्याही कॅथलॅबमध्ये, म्हणजे एक्स-रेखाली असं काम करायच्या खोलीत, मनगटातून अँजिओग्राफी (धमन्यांची एक्स-रे तपासणी) होते तेव्हा पहिल्या दोन मिनिटांत हेच घडतं. अतिदक्षता विभागात मानेतून सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत औषधं देण्याची नळी, टाकतात तीही याच रीतीने.

अमेरिकेत पोर्टलंडच्या चार्ल्स डॉटर यांनी १९६४ मध्ये याच वाटेने पायाची अरुंद झालेली धमनी आतून रुंद केली. रुग्ण ८२ वर्षांच्या आजी होत्या. पाय कापायला त्यांनी नकार दिला होता आणि त्यांचा पाय वाचला. हे डॉटर गिटारच्या तारा, मोटारीच्या स्पीडोमीटरची केबल असं काहीबाही घेऊन गाइड वायर स्वतः बनवत. मला त्यांच्याबद्दल फार आपुलकी वाटते.

आता तारेकडे येऊ. हृदयाच्या धमनीत जाणारी तार ०.३६ मिलिमीटर जाडीची आणि साधारण १८० ते १९० सेंटिमीटर लांब असते. हिच्याकडून दोन गोष्टी हव्या असतात आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. डॉक्टरांच्या हाताकडची बाजू ताठ हवी, म्हणजे ढकललं की पुढे जाईल, फिरवलं की फिरेल आणि वरून फुगा नेताना वाकणार नाही. टोक मात्र इतकं मऊ हवं, की धमनीच्या भिंतीला लागलं तर भिंतीऐवजी तारच वाकेल. एकाच तारेचं एक टोक हुकूम देणारं आणि दुसरं माघार घेणारं.

हे साधतात तारेचा गाभा निमुळता घासून. सेंटरलेस ग्राइंडिंग, म्हणजे गोल वस्तू टोकांना न पकडता दोन चाकांमध्ये फिरवत घासणं, हा शब्द सातपूर-अंबडच्या शॉपमध्ये सगळ्यांना माहीत आहे. तेच काम इथे करायचं, पण शेवटच्या काही सेंटिमीटरांत गाभा एक दशांश मिलिमीटरच्याही खाली नेऊन. इथे जरा थांबतो, कारण खरी मेख इथेच आहे. गोल तारेचा कडकपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घातावर चालतो. व्यास निम्मा केला तर कडकपणा निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. समजा टोकाजवळचा गाभा ०.०८ मिलिमीटरचा ठरवला आणि तो आठ मायक्रॉनने, म्हणजे मिलिमीटरच्या आठ हजारांशाने, जास्त घासला गेला. व्यास दहा टक्के कमी झाला, पण टोकाचा कडकपणा एक तृतीयांशाहून जास्त उतरला. आठ मायक्रॉन जाड राहिला तर टोक जवळजवळ दीडपट कडक. एरवी आपण आठ मायक्रॉन इकडेतिकडे असलेला पार्ट पास करतो आणि चहाला जातो. इथे तेवढ्या फरकात तार एका जातीची दुसऱ्या जातीची होते.

गाभा इतका बारीक झाल्यावर तो नुसता ठेवत नाहीत, त्याच्यावर अतिबारीक तारेची स्प्रिंग गुंडाळतात. येवल्याच्या पैठणीतली अस्सल जर आठवा, रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार वेटोळ्यांनी चढवलेली. रचना तीच. टोकाकडची ही स्प्रिंग बहुधा प्लॅटिनमची असते, कारण प्लॅटिनम एक्स-रेमध्ये ठळक दिसतं. पडद्यावर तारेचा जो काळा शेवट दिसतो, तो हाच. स्प्रिंगमुळे जाडी टोकापर्यंत सारखी राहते, पण कडकपणा फारसा वाढत नाही.

टोक किती मऊ हे मोजतात ग्रॅममध्ये. टोकापासून एक सेंटिमीटरवर तार धरायची, टोक वजनकाट्यावर टेकवून दाबत जायचं आणि ते कितीवर वाकतं ते पाहायचं. रोजच्या वापराच्या तारा साधारण एका ग्रॅमच्या आतबाहेर वाकतात. वर्षानुवर्षं पूर्ण बंद राहून कॅल्शियमने टणक झालेली धमनी उघडायच्या तारा तीन ग्रॅमपासून बारा ग्रॅमपर्यंत आणि त्याहून पुढेही जातात. बारा ग्रॅमची तार चुकीच्या ठिकाणी गेली तर धमनीच्या भिंतीतून बाहेर निघू शकते. म्हणून सुरुवात मऊ तारेने करावी आणि गरज पडली तरच पुढे जावं. अनुभवी डॉक्टर हेच करतात, आणि वेळ लागतो म्हणून बाहेर बसलेल्या नातेवाइकांनी घाबरून जाऊ नये.

फिरवण्याचंही तसंच. टोकाला डॉक्टर स्वतः एक-दोन मिलिमीटरचा बाक देतात आणि रुग्णाच्या मनगटाजवळून तार बोटांत फिरवून तो बाक हव्या त्या फाट्यात वळवतात. बोटं पाव फेरा फिरली तर टोकानेही पाव फेराच फिरावं. पण तारेत कुठे जराही मूळचा वाक राहिला असेल, तर ती पीळ साठवत राहते आणि मग एकदम झटक्यात सुटते. पडद्यावर टोक उडी मारतं. त्यामुळे घासण्याआधी तार सरळ करणं हे एक स्वतंत्र कसब आहे, आणि माझ्या मते ते घासण्याइतकंच मोलाचं आहे.

धातू कुठला? स्टेनलेस स्टील पीळ चांगला पोचवतं, पण एकदा दुमडलं की दुमड कायमची. निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू, निटिनॉल, जवळजवळ आठ टक्के ताण सोसून पुन्हा पूर्ववत होतो. स्टील एका टक्क्याच्या आतच हार मानतं. मग हाताकडे स्टील आणि टोकाकडे निटिनॉल असा जोड करतात. मात्र हे दोन धातू सरळ वेल्ड केले तर सांधा ठिसूळ होतो. सांध्यावर बारीक धातूची नळी चढवणं हा त्यावरचा एक उपाय.

वरून लेप असतो. पाणी लागलं की बुळबुळीत होणारा लेप तार सहज सरकवतो, पण त्याची किंमत आहे: डॉक्टरांच्या बोटांना पुढचा अडथळा कमी जाणवतो. बोटांना जे कळतं ते कमी करून मिळवलेला वेग मला नेहमीच शंकेचा वाटतो. आणि अशी तार धातूच्या सुईतून मागे ओढली तर सुईची धार लेप खरवडून काढू शकते.

पंचवटीतल्या आमच्या ओळखीच्या एका मावशींनी मला विचारलं होतं, "भाऊ, ती तार आत राहिली तर गंजत नाही का?" मावशी, तार राहत नाही, त्याच दिवशी बाहेर येते. आणि ती एकाच माणसासाठी असते. तिच्या पाकिटावर वर्तुळात २ चा आकडा आणि त्यावर आडवी-तिरकी रेघ असं चिन्ह छापलेलं असतं, म्हणजे दुसऱ्यांदा वापरू नका. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत शिरलेलं रक्त धुऊन निघेल याची खात्री देता येत नाही, आणि एकदा पीळ सोसलेली तार आधीसारखी वागेलच असंही नाही.

आता नळी. नळीची जाडी फ्रेंच या मापात सांगतात, तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. मनगटातून जाणारी सहा फ्रेंचची नळी म्हणजे बाहेरून सुमारे दोन मिलिमीटर. तिचं आतलं भोक जवळपास १.८ मिलिमीटर असतं. वजाबाकी केली तर उरतात दोन दशांश, म्हणजे प्रत्येक बाजूच्या भिंतीला एक दशांश मिलिमीटर. तेवढ्या भिंतीत तीन थर: आत टेफ्लॉनचा गुळगुळीत अस्तर, मध्ये स्टीलच्या तारांची वीण, बाहेर नायलॉनसारखं प्लॅस्टिक. वीण नसेल तर नळी वळणावर मुडपते आणि हातातला पीळ टोकापर्यंत जात नाही. भिंत जाड करून चालणार नाही, कारण नळीतून वाहणारा द्रवही चौथ्या घाताचाच हिशेब मानतो: भोक निम्मं झालं तर त्याच दाबाला प्रवाह सोळावा हिस्सा. तारेतला नियम नळीत पुन्हा भेटतो तो असा.

नळीच्या टोकाला जन्मजात आकार दिलेला असतो. १९६० च्या दशकात मेल्विन जडकिन्स यांनी डाव्या आणि उजव्या हृदयधमनीसाठी वेगवेगळे बाक ठरवले. आजही डॉक्टर त्यांच्याच नावाने नळी मागतात.

नाशिकबद्दल एक बोलायचं राहिलं. मायक्रॉनमध्ये काम करणारे हात आपल्याकडे आहेत, स्प्रिंग गुंडाळणारे आहेत, आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला आहे. पण आपल्याला सवय आहे ड्रॉइंगवर लिहिलेली मापं पाळायची. या तारेचं सगळ्यात महत्त्वाचं माप ड्रॉइंगवर पुरतं उतरत नाही, ते डॉक्टरांच्या अंगठ्याला आणि तर्जनीला कळतं. शिवाय हृदयाशी थेट संबंध येणारी साधनं आपल्या २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत सर्वाधिक जोखमीच्या वर्गात मोडतात. तिथे प्रत्येक लॉटच्या काही तारा तोडून, ओढून, पिळून पाहाव्या लागतात आणि त्याची नोंद ठेवावी लागते. ज्यांना या कामात उतरायचं आहे अशा तरुण इंजिनिअरांना माझं सांगणं आहे की मशीनची ऑर्डर द्यायच्या आधी परवानगी काढून कॅथलॅबच्या काचेमागे उभे राहा. पडदा नंतर पाहा, आधी डॉक्टरांची बोटं पाहा. मग त्यांना विचारा की त्यांच्या हातून कुठली तार बाजूला ठेवली गेली, आणि का. ती बाजूला ठेवलेली तार मागून घ्या, तिच्या जोडीची नवी तार घ्या, आणि दोन्ही वजनकाट्यावर टेकवून पाहा.

नमस्कार.