आधी खाऊन घ्या, भाऊजी

श्रोतेहो, सलाम.

काल ईस्टर, म्हणजे प्रभू येशूच्या पुनरुत्थानाचा सण, झाला. पहाटे चारला उठून आंघोळी, अंधारात कबरस्तानाकडे निघालेल्या चपलांचा आवाज, थडग्याथडग्यावर मेणबत्त्या. ईस्टर येतो वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी, त्यामुळे त्या पहाटे आकाशात उतरता चंद्र असतोच, तसा कालही होता. पूर्वेला तांबडं फुटलं तशी पाळकसाहेबांनी हाळी दिली, "प्रभू उठला आहे!" आणि आपण सगळे एका आवाजात म्हणालो, "खरोखर उठला आहे!" माझ्या अंगावर दरवर्षी काटा येतो. कालही आला.

आज सोमवार आहे. नवे कपडे धुण्यात पडलेत, पोरांचे डबे भरायचेत, एस. टी. गाठायची आहे. आणि ज्याच्याशी शनिवारपर्यंत आपण बोलत नव्हतो, तो माणूस आजही समोरच्याच घरात राहतो. मला आज या सोमवाराबद्दल बोलायचं आहे. चर्चच्या, म्हणजे मंडळीच्या, पंचांगात ईस्टर एका दिवसात आटोपत नाही. पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या सणापर्यंत, पन्नास दिवस तो चालतो. त्या दिवसांत उठलेल्या प्रभूनं काय काय केलं, ते शुभवर्तमानांत लिहून ठेवलेलं आहे. त्यातली एक सकाळ मला सगळ्यांत जवळची वाटते.

योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय. येशूचा शिष्य पेत्र आणि आणखी सहा शिष्य पुन्हा मासे धरायला गेलेत. रात्रभर जाळं टाकलं, हाताला काही लागलं नाही. उजाडताना काठावर कुणीतरी उभा दिसतो आणि म्हणतो, मचव्याच्या उजव्या बाजूला टाका. जाळं ओढता ओढवेना इतके मासे येतात. पुढं मोजले तर एकशे त्रेपन्न भरतात. "प्रभू आहे" असं कानावर पडताच पेत्र अंगरखा गुंडाळून पाण्यात उडी टाकतो. बाकीचे मचवा घेऊन मागून काठाला येतात. तिथं काय दिसतं? कोळशांचा विस्तव, त्यावर मासळी आणि भाकर.

हा विस्तव जरा नीट बघा. मूळ ग्रीकमध्ये योहानानं त्याच्यासाठी जो शब्द वापरलाय, तो अख्ख्या नव्या करारात दोनच ठिकाणी येतो. एक इथं. दुसरा प्रमुख याजकाच्या अंगणात, येशूला धरलं त्या गारठ्याच्या रात्री. तिथं असाच कोळशांचा विस्तव पेटलेला होता, पेत्र त्याच्याजवळ हात शेकत उभा होता, आणि "तूही त्याच्याच शिष्यांपैकी ना?" असं विचारल्यावर "मी नव्हे" म्हणाला होता. एकदा नाही, तीनदा. कोळशाचा धूर नाकात गेल्यावर पेत्राला ती रात्र आठवली नसेल, असं मला वाटत नाही.

आता आपण असतो तर काय केलं असतं? ज्यानं ऐन वेळी ओळख दाखवली नाही, तो समोर आला की आपण आधी हिशोब काढतो. त्यानं मान खाली घातली, चार माणसांत कबूल केलं, तर मग पाट मांडायचा. प्रभूनं त्या सकाळी उलटं केलं. आधी वाढलं. रात्रभर जागलेल्या, ओल्या, उपाशी माणसांना स्वतःच्या हातानं भाकर दिली, मासळी दिली. त्या हातांवर खिळ्यांच्या खुणा होत्या. पुनरुत्थानानं त्या पुसल्या गेल्या नव्हत्या, शिष्य थोमानं त्या पाहिल्या होत्या. आणि न्याहारी झाल्यावर मग पेत्राला, त्याच्या मूळ शिमोन या नावानं, विचारलं, "योहानाचा पुत्र शिमोना, तू माझ्यावर प्रीती करतोस काय?" तेही तीनदा. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटलं, म्हणजे विषय टाळला नाही. पण दर उत्तरामागून काय आलं? "माझी कोकरे चार," म्हणजे चरायला ने. "माझी मेंढरे पाळ." "माझी मेंढरे चार." जो विस्तवाजवळ घसरला होता, त्याच्याच हातात कळप दिला.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो असतो तर विसरून गेलो असतो. मी ते आईकडून पाहिलं.

माझ्या काकांनी एका पतपेढीतून कर्ज काढलं आणि माझे वडील जामीन राहिले. काकांनी हप्ते थकवले. मग वडिलांच्या पगारातून कापले जाऊ लागले. आमच्या घरी त्या वर्षांत दूध अर्ध्या लिटरवर आलं, ताईचं कॉलेज एक वर्ष थांबलं. दोघा भावांचं बोलणं बंद झालं. दरवर्षी ईस्टरच्या आदल्या शनिवारी आजीच्या थडग्याला चुना द्यायचा असतो. वडील सकाळी जायचे, काका संध्याकाळी. एकाच थडग्याला दोनदा चुना लागायचा. उपासनेला एक उजवीकडच्या बाकांवर, एक डावीकडच्या. अकरा वर्षं "प्रभू उठला आहे" म्हटल्यावर दोघंही मनापासून "खरोखर उठला आहे" म्हणत होते.

अकराव्या वर्षी, त्या शनिवारी संध्याकाळी, आईनं डब्यात पिठलं-भाकरी बांधली, कांदा ठेवला, थर्मासमध्ये चहा भरला आणि मला बरोबर घेऊन कबरस्तानात गेली. काका थडग्याशी उकिडवे बसून कुंचा मारत होते. आम्हाला बघून उठले, चुन्याचे हात पाठीमागं नेले. काहीतरी बोलायला गेले, "वहिनी, मी..." आईनं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. तांब्यातून त्यांच्या हातांवर पाणी ओतलं आणि म्हणाली, "आधी खाऊन घ्या, भाऊजी." काका खाली बसून जेवले. जेवताना त्यांचा घास अडत होता, तेव्हा आई दुसरीकडे बघत होती.

पैशाचं बोलणं झालंच नाही असं नाही. ते नंतर झालं, स्वयंपाकघरात, वडिलांसमोर, आणि सोपं नव्हतं. पैसे पूर्ण कधीच परत आले नाहीत. ताईचं गेलेलं वर्षही आलं नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात ताईचं लग्न निघालं, तेव्हा कोठीची किल्ली कुणाकडे द्यायची हा प्रश्न आला. तेल, साखर, तांदूळ, सगळा जिन्नस त्या खोलीत. आईनं ती किल्ली काकांच्या हातात दिली. नातेवाईक कुजबुजले. वडीलसुद्धा क्षणभर गप्प झाले. ज्या माणसावर पैशाच्या बाबतीत कुणी विश्वास टाकत नव्हतं, त्याच्याच हातात आईनं कोठी सोपवली. "माझी कोकरे चार" हे वचन मी कधीही वाचलं की मला ती किल्ली दिसते.

श्रोतेहो, इथं एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. क्षमेच्या नावाखाली आपल्या मंडळ्यांत कधीकधी बायकांना मारझोडीच्या घरी परत धाडलं जातं. "प्रभूनं क्षमा केली, तूही कर." हे मला मान्य नाही. पेत्र त्या रात्री बाहेर जाऊन मनस्वी रडला होता. जो रडत नाही, हात उगारायचा थांबत नाही, त्याच्यासमोर एखादीला पुन्हा बसवणं ही किनाऱ्यावरची न्याहारी नव्हे. अशा वेळी पुनरुत्थानाचं काम वेगळं असतं. तिला दुसरं दार उघडून देणं.

ते दार आपल्याच मातीत एका बाईनं उघडलं होतं. पंडिता रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळात आई, वडील, बहीण गमावली होती. भुकेनं माणूस कसा जातो, हे त्यांनी घरात पाहिलं होतं. पुढं त्यांचं नाव झालं, त्या परदेशी जाऊन आल्या, १८८९ मध्ये त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं. आणि १८९७ च्या सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या पुन्हा त्याच भुकेकडे गेल्या आणि तिथल्या मुलींना घेऊन आल्या. दौंड तालुक्यातल्या केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं ते त्यांच्यासाठी. १९०० च्या दुष्काळानंतर तिथल्या बायकामुलींची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. त्यांना तिथं अन्न मिळालं आणि त्याबरोबर काम मिळालं. शेत, माग, छापखाना. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणलं, आणि ते छापण्याचं काम मुक्तीतल्या बायकांनी केलं. ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं, त्यांनी शिशाचा खिळा, म्हणजे छपाईचं अक्षर, खिळ्याला लावून देवाचं वचन जुळवलं. १९२१ मध्ये रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्यानंतरही हे भाषांतर त्यांनी सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तेव्हा ईस्टर अवघ्या अकरा दिवसांवर होता.

तर आजच्या सोमवारी मी एवढंच विचारतो. आपल्या घरात कुणासाठी विस्तव पेटवायचा राहिला आहे? मोठं काही नको. एक फोन, एक डबा, "जेवलास का?" एवढा प्रश्न. बोलणं पुढं होईल, ते करावंच लागेल, पण उपाशी माणसाशी ते करू नये.

आई दोन वर्षांपूर्वी प्रभूकडे गेली. आजीच्या शेजारीच तिची जागा आहे. या शनिवारी मी सुट्टी न मिळाल्यानं उशिरा, रात्रीच्या गाडीनं गावी पोचलो, चुना द्यायचा राहिला म्हणून मनात टोचत होतं. काल पहाटे मेणबत्ती लावायला वाकलो आणि आधारासाठी थडग्यावर हात टेकला. चुना अजून ओला होता. काका पलीकडे वडिलांच्या खांद्याला धरून उभे होते, आणि त्यांच्या बोटांनाही तोच चुना लागलेला होता.