शर्यतीच्या गेममध्ये मागची गाडी तुम्हाला सोडत का नाही?

नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या उन्हाने नागपूरला दुपारभर घरात कोंडले, की माझ्याकडे एकाच तक्रारीची रीघ लागते : "भाऊ, एकही चूक केली नाही, तरी शेवटच्या लॅपले मागची गाडी येते कुठून?"

संगणक ज्या गाड्या चालवतो त्यांना ट्रॅकवर एक रेषा आखून दिलेली असते आणि कुठल्या वळणाला किती वेग ठेवायचा हेही बहुधा ठरलेले असते. हे बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही.

खरी गोम आहे ती रबर बँडिंगमध्ये. तुम्ही फार पुढे गेलात, की मागच्या गाड्यांचा वेग गुपचूप वाढवला जातो आणि तुम्ही मागे पडलात, की पुढच्या गाड्या रेंगाळू लागतात. खात्री करायची असेल, तर मध्येच गाडी उभी करा, थोड्या वेळाने निघा आणि मिनिमॅपवर, म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर, पुढच्या गाड्यांच्या ठिपक्यांकडे पाहत राहा. अंतर तुमच्या कौशल्यापेक्षा भराभर कमी होताना दिसेल. सीताबर्डीच्या एका गेमिंग पार्लरमध्ये आमचा एक मित्र सुरुवातीचे लॅप गप्पा मारत चालवायचा आणि शेवटच्या लॅपसाठी नायट्रो, म्हणजे थोडा वेळ जादा वेग देणारा साठा, राखून ठेवायचा. जिंकायचाही तोच. म्हणजे ज्याने पहिल्या वळणापासून घाम गाळला, त्याची आघाडी गेमने परस्पर वाटून टाकलेली असते. पैसे साठवून नवे इंजिन बसवावे, तर समोरच्यांचा वेगही तेवढाच वाढलेला!

एका प्रेक्षकाने लिहिले आहे, की हे नसेल तर एकट्यानेच पुढे पळणे कंटाळवाणे होईल. मान्य. मारिओ कार्टसारख्या गमतीच्या गेममध्ये ते शोभतेही. माझा आक्षेप एवढाच आहे, की जो गेम स्वतःला वास्तवाशी प्रामाणिक म्हणवतो, त्याने हे लपवू नये आणि बंद करण्याची सोय द्यावी.

दुसरा दोष म्हणजे अनेक गेममध्ये या गाड्यांना आपण जणू दिसतच नाही. आखलेल्या रेषेवर आपण आलो, की त्या सरळ येऊन धडकतात. यावर उपाय नाही असे मात्र नाही. सोनीच्या संशोधकांनी ग्रॅन तुरिस्मो स्पोर्ट या शर्यतीच्या गेममध्ये गाडी चालवणारी सोफी ही कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली सरावातून शिकवत तयार केली आणि धडक दिल्यास तिला दंड होईल अशी योजना केली. जुलै 2021 मध्ये निष्णात खेळाडूंच्या संघाने तिच्या संघाला हरवले, ऑक्टोबरमध्ये मात्र सोफीचा संघ जिंकला, तोही वेग चोरून न वाढवता. 2022 मध्ये हे संशोधन 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

तुमच्या गेमच्या सेटिंगमध्ये 'कॅच-अप' (रबर बँडिंगचेच दुसरे नाव) असेल, तर ते बंद करून तोच ट्रॅक पुन्हा चालवा आणि अंतर टिकते का ते खाली लिहा. गेमचे नाव मात्र आठवणीने लिहा. "माझ्याकडे असे होत नाही" एवढ्याच प्रतिक्रियेवर मी उत्तर तरी काय देणार?