ऑनलाइन दुकान काढताय? आधी गिऱ्हाईक ठरवा

नमस्कार मंडळी. आज मला त्यांच्याशी बोलायचंय ज्यांच्या डोक्यात ऑनलाइन दुकान काढायचं घोळतंय, आणि असे लोक आता घरोघरी आहेत, कोणी नोकरी सांभाळून करू बघतंय, कोणी मुलं शाळेत गेल्यावरच्या वेळात, कोणी रिटायर झाल्यावर. दुकान उभं करणं आता अवघड राहिलेलं नाही. मोबाइलवर चार संध्याकाळी नेटानं बसलात तर वेबसाइट होते, पैसे यूपीआयनं येतात, कुरिअरवाला दारातून पार्सल उचलून नेतो. गाडी अडते ती एकाच ठिकाणी, विकायचं काय आणि कोणाला. मी अशा लोकांबरोबर बसते, त्यांना विचारते, तर बहुतेक वेळा उत्तर येतं की ताई, सगळंच ठेवणार, कुर्त्या, ज्वेलरी, गिफ्ट आयटम, शिवाय आईचे मसाले पण आहेत. हे ऐकलं की मला खरंच काळजी वाटते, कारण त्यात घरातले साठवलेले पैसे जाणार असतात.

आपल्या जुन्या बाजारपेठा आठवा. पुण्यात तांब्याचा हंडा हवा तर माणूस तांबट आळीत जातो, वह्या-पुस्तकं घ्यायला आप्पा बळवंत चौकात, वायर-स्विच आणायला तपकीर गल्लीत. मुंबईत इलेक्ट्रिकचं सामान म्हटलं की लोहार चाळ. कोणाला पत्ता विचारावा लागत नाही, वस्तू आठवली की जागा आठवते. इंटरनेटवर तर रस्ताच नाही, म्हणजे कोणी सहज जाता जाता तुमच्या दुकानात डोकावणार नाही, तो काहीतरी टाइप करणार आणि जे समोर येईल ते उघडणार. 'कुर्ती' टाइप करणाऱ्याला तुमचं दुकान कधीच दिसणार नाही, पुढे हजारो दुकानं उभी आहेत आणि त्यांच्याकडे जाहिरातीला तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त पैसा आहे. पण कोणी 'आगरी मसाला पुण्यात कुठे मिळेल' असं टाइप करत असेल तर तिथे गर्दी फार कमी असते. ही जी अरुंद जागा आहे तिला धंद्यातले लोक निश म्हणतात.

आणि हे फक्त छोट्यांनीच करायचं असं नाही बरं का. ॲमेझॉन १९९५ च्या जुलैमध्ये सुरू झालं तेव्हा तिथे फक्त पुस्तकं मिळायची. फ्लिपकार्ट २००७ मध्ये बंगळुरूत सुरू झालं, तेही पुस्तकांपासूनच. आपल्या पुण्याचं फर्स्टक्राय २०१० मध्ये निघालं ते लहान बाळांच्या सामानासाठी. पुस्तकच का, याचा विचार करा जरा. पुस्तकांची नावं इतकी लाखांनी आहेत की कुठलंही रस्त्यावरचं दुकान ती सगळी ठेवूच शकत नाही. पुस्तक फुटत नाही, नासत नाही, त्याला साइज नाही, आणि एक प्रत दुसऱ्या प्रतीसारखीच असते म्हणून गिऱ्हाइकाला हात लावून बघायची गरज पडत नाही. एवढे सगळे गुण एका वस्तूत मिळणं कठीण आहे, पण आपण निवडतो त्या वस्तूत यातले दोन-तीन तरी आहेत का हे बघायलाच पाहिजे.

माझं आवडतं उदाहरण मात्र लंडनचं आहे. तिथे सोहो भागात १९६८ मध्ये एक दुकान उघडलं, 'एनीथिंग लेफ्ट-हँडेड' नावाचं, फक्त डावखुऱ्या माणसांसाठी. पुढे ते रस्त्यावरचं दुकान बंद करून सगळा कारभार ऑनलाइन गेला. ऐकताना वाटतं की यात विकण्यासारखं असं काय असणार? तर कात्री घ्या. साधी कात्री उजव्या हातासाठी बनवलेली असते, म्हणजे उजव्या हातानं दाबताना अंगठा आणि बोटं आपोआप दोन्ही पाती एकमेकांवर घट्ट आणतात. तीच कात्री डाव्या हातात धरली की तोच दाब पात्यांना फाकवतो, कापड कापलं न जाता मध्ये दुमडतं, आणि वरचं पातं नेमकं खडूच्या रेघेवर येतं त्यामुळे कुठे कापतोय ते दिसत नाही. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला डावखुऱ्या पोराचं काम वेडंवाकडं का होतं त्याचं कारण कितीतरी वेळा हे असतं, आणि बोलणी खातं ते पोर. आता बाजारात डावखुऱ्यांची म्हणून जी कात्री मिळते तिच्यात पुष्कळदा फक्त मुठीचा आकार बदललेला असतो, पाती तशीच असतात, तिचा काही उपयोग नाही. पाती उलटी बसवलेली असायला लागतात. हा फरक ज्या दुकानदाराला माहीत आहे, जो फोटोत डावं-उजवं पातं दाखवून समजावतो, त्याच्याकडे डावखुऱ्या मुलाची आई पुन्हा येणार, कात्रीनंतर सोलाणं घ्यायला येणार, पेन घ्यायला येणार.

आणि हे गिऱ्हाईक थोडं आहे असंही समजू नका. दहा माणसांत साधारण एक डावखुरा असतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटींच्या वर होती, म्हणजे एकट्या आपल्या राज्यात कोटभर डावखुरे झाले. मी कात्रीचंच दुकान काढा असं म्हणत नाहीये. मी म्हणते ते एवढंच की वस्तूपासून सुरुवात करू नका, कोणाचं काय अडतंय तिथून करा.

आता मसाल्यांकडे येऊ, कारण हा विषय निघाला की दर चौथी ताई मसाल्यांचंच नाव घेते. 'घरगुती मसाले' असं नाव ठेवून दुकान काढलंत तर तुम्ही कोणाच्याच ओळखीच्या नाही. पण समजा तुम्ही उरण-पनवेलकडच्या, तुमच्या घरी एप्रिल-मे महिन्यात बेडगी, काश्मिरी, संकेश्वरी मिरची वाळवून, भाजून डंकावर कुटून वर्षाचा आगरी मसाला होतो, तर मग फक्त तोच विका. त्याचं गिऱ्हाईक कोण हे तुम्हाला डोळ्यांसमोर दिसतं, रायगड-ठाण्याकडची मुलगी जी लग्न होऊन नाहीतर नोकरीला म्हणून पुण्यात, बंगळुरूत गेलीय आणि जिच्या कालवणाला आईच्या हातची चव येत नाही. तिला तुम्ही वेबसाइटवर काय सांगाल? 'शुद्ध आणि दर्जेदार' हे सगळेच लिहितात. तुम्ही लिहा की अर्धा किलो कोलंबीला किती चमचे घालायचा, चिंबोऱ्यांना किती, तेलात आधी परतायचा की नंतर, यंदाच्या मिरचीचा तिखटपणा कसा आहे. एवढं वाचलं की तिला कळतं की समोरचं माणूस आपल्यातलं आहे. मालवणी मसाल्याचं, खानदेशी काळ्या मसाल्याचं, कोल्हापुरी कांदा-लसूण मसाल्याचं अगदी असंच, फक्त एक कोणता तरी धरा.

आता जरा हिशोब, कारण चांगली कल्पना पार्सलच्या खर्चात बुडते आणि याबद्दल कोणी बोलत नाही. कुरिअरचे दर अर्धा किलो, एक किलो अशा टप्प्यांनी असतात. समजा पाव किलोचं पाकीट तुम्ही १८० रुपयांना विकता, माल, कुटणावळ आणि पाकीट मिळून खर्च ११० आणि अर्ध्या किलोपर्यंतचं कुरिअर ७०. हातात शून्य. बरं, दोन पाकिटं एकत्र पाठवू म्हणाल तर दोन पाव म्हणजे अर्धा किलो, त्यात खोक्याचं वजन धरलं की अर्ध्याच्या वर गेलं आणि तुम्ही एक किलोच्या दरात गेलात. तेच २०० ग्रॅमचं पाकीट केलंत, दोनाची जोडी ३०० ला विकलीत, तर दोन्हीचा खर्च धरा १८०, खोक्यासकट वजन अर्ध्या किलोच्या आत, कुरिअर ७०, हातात ५० उरले. माल तोच आहे हो, फक्त पाकिटाचा आकार बदलला. आकडे तुमच्या गावचे तुम्ही घाला, पण हा कागद दुकानाचं नाव ठरवायच्या आधी लिहा.

आणि हलक्या पण मोठ्या वस्तूंना तर वजनावर भरवसाच नको, कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणतात आणि पुष्कळ कंपन्या त्याला ५००० नं भागतात, जे येतं ते किलो समजायचं. आकाशकंदील अर्धा किलोचाही नसतो, पण खोकं ४० बाय ४० बाय ३० चं असेल तर हिशोबात ९.६ किलो लागतात. घडीचा कंदील केला, खोक्याची उंची ३ सेंटिमीटरवर आली, की तेच एक किलोच्या आत बसतं. म्हणून कंदील विकायचा असेल तर घडीचाच, हे माझं स्पष्ट मत आहे. शिवाय त्याचा सीझन वर्षातून एकदाच, बाकीचे महिने काय विकणार तेही बघून ठेवा. उपवासाची भाजणी किंवा राजगिऱ्याचं पीठ या बाबतीत जास्त भरवशाचं, एकादशी महिन्यातून दोनदा येते, वर श्रावण आहे, नवरात्र आहे.

कपडे आणि चपला विकायला घेणाऱ्यांनी रिटर्नचा विचार आधी करावा. साइज बसली नाही की माल परत येतो, आणि कॅश ऑन डिलिव्हरी ठेवलीत तर दारात नको म्हणणारेही असतात, तेव्हा जायचं भाडं तुमचं आणि यायचंही तुमच्याच अंगावर पडतं. कोल्हापुरी चपलेचं बोलायचं तर २०१९ मध्ये तिला जीआय, म्हणजे ठराविक भागातल्या वस्तूला मिळणारी कायदेशीर ओळख, मिळालं, आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे जिल्हे त्यात आहेत. २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीच्या शोमध्ये तशाच चपला दिसल्या आणि एकदम सगळीकडे कोल्हापुरीची चर्चा झाली. अशा लाटेवर दुकान काढू नये असं मला वाटतं, लाट ओसरली की माल घरात पडून राहतो. पण कोणी म्हणालं की मी फक्त मोठ्या पायांच्या मापाची कापशी, म्हणजे कोल्हापुरीतलाच एक प्रकार, ती चप्पल विकणार, पायाचा कागदावर काढलेला ठसा व्हॉट्सॲपवर मागवून मगच कारागिराकडून करून घेणार, तर ते दुकान चर्चा असो नसो चालेल, कारण त्या मापाची चप्पल त्या माणसाला बाजारात सहजासहजी मिळतच नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते पण टाळू नका. माल राज्याबाहेर पाठवायचा असेल तर जीएसटी नोंदणी सुरुवातीपासूनच लागते, हस्तकलेच्या वस्तूंना काही सवलत आहे. खायच्या पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचा, १४ आकडी नंबर हवा. घरी केलेला साबण, लेप विकायचा तर कॉस्मेटिकचं लायसन्स हवं. लहान मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे, नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, तेव्हा लाकडी खेळणी घेणार असाल तर कारागिराकडे ती नोंदणी आहे का ते आधी विचारा. निश निवडताना हे सगळं बघायचं, कारण एखाद्या वस्तूला कागदपत्रं इतकी लागतात की दुसरी वस्तू घेणं परवडतं.

आता निवडलेलं चालेल का हे कसं ओळखायचं. गूगल ट्रेंड्स फुकट आहे, त्यात तुमचा शब्द मराठीत, इंग्रजीत, लोक जसे चुकीच्या स्पेलिंगनं लिहितात तसाही घालून बघा, वर्षात कधी शोध वाढतो ते दिसतं. मोठ्या साइटवर तशाच वस्तूंचे एक आणि दोन स्टारवाले रिव्ह्यू वाचा, निवांत बसून वाचा, लोक कशावर चिडलेत ते तिथे स्वच्छ लिहिलेलं असतं आणि तुमचं दुकान त्यातूनच सापडू शकतं. नातेवाइकांना विचारू नका, ते 'छान आहे गं' म्हणणार, प्रेमापोटी म्हणणार. त्याऐवजी जे तुमचे खरे गिऱ्हाईक असतील अशा पंधरा-वीस अनोळखी माणसांकडे पोचा, गावच्या मंडळाचा ग्रुप असेल, सोसायटीचा असेल, आणि आगाऊ पैसे घेऊन ऑर्डर मागा. यूपीआयवर पैसे आले तर मागणी आहे. अंगठ्याच्या इमोजी कितीही आल्या तरी त्यांनी मिरची विकत येत नाही.

आणि एक प्रश्न हमखास येतो की एवढं छोटं धरलं तर वाढायचं कधी? वाढायचं ते गिऱ्हाइकानं सुचवलेल्या दिशेनं. आगरी मसाला नेणारी ती बंगळुरूची मुलगी चौथ्या ऑर्डरला स्वतःहून विचारेल की ताई, सुका जवळा मिळेल का, तांदळाचं पीठ मिळेल का भाकरीचं. तेव्हा ते ठेवा. तांदळाचं पीठ लगेच ठेवा, जवळ्याचं मात्र कुरिअरवाल्याला आधी विचारा, वास बाहेर येणार नाही असं पॅकिंग जमतंय का ते एक पार्सल बहिणीला पाठवून बघा, आणि मसाल्याच्या खोक्यात तो चुकूनही एकत्र घालू नका. कुर्त्या आणि ज्वेलरी तिनं तुमच्याकडे मागितलेली नाही, तर त्या नकोत. नमस्कार.